सोंग कुणाचं घ्यायचं?

प्रिय ताई,

दोन वर्षं मी स्टँडअप करतो, नोकरी सांभाळून. सध्या माझ्याकडे ड्रग्ज आणि त्यांच्या कायद्यांवर दहा मिनिटांचा सेट आहे. पहिली चार मिनिटं मी व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका माणसाची नक्कल करतो. थरथरणारा हात, अर्धवट मिटलेले डोळे, दोन्ही हातांनी धरलेला पेला. लोक हसून लोळतात. मग हातात ग्लास घेऊन व्यसनावर प्रवचन झोडणारे काका येतात, तिथेही हशा मिळतो. त्यानंतर कायद्यांवर बोलतो. 'पोर्तुगालमध्ये तर सगळं कायदेशीर आहे, तो देश काही बुडाला नाही', 'काही होत नाही हो त्याने' वगैरे. शेवटची दोन मिनिटं मनापासून सांगतो, की व्यसन हा गुन्हा नाही, आजार आहे. हा भाग पडतो. टाळ्या येतात, पण उपकार केल्यासारख्या.

गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर माझ्या आईच्या वयाच्या एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "माझा मुलगा अगदी असाच पेला धरतो. हुबेहूब केलंत." आणि गेल्या. त्या रागावल्या होत्या की कौतुक करत होत्या, मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून तो सेट केलेला नाही.

आई म्हणते, हा काय चेष्टेचा विषय आहे? बरोबरचा एक कॉमेडियन म्हणतो, स्वतः करून बघितल्याशिवाय यावर बोलायचा हक्क नाही. मला मात्र वाटतं, या कायद्यांबद्दल कुणीतरी प्रश्न विचारायला हवेत. हे सगळं मी फार जवळून, घरातच पाहिलंय. विषय सोडून देऊ का?

— गोंधळलेला विदूषक

*

गोंधळलेल्या विदूषका,

विषय सोडू नकोस. पहिली चार मिनिटं सोड.

आधी तुझ्या मित्राचं उरकून टाकते. जॉन बेलुशी १९८२ साली गेला, क्रिस फार्ली १९९७ साली. दोघंही अमेरिकेतले गाजलेले विनोदी नट, दोघंही वयाच्या ३३व्या वर्षी गेले आणि दोघांच्याही शरीरात कोकेन आणि अफूच्या कुळातला पदार्थ एकत्र सापडला. ड्रग्ज घेऊन त्यांना विनोद सुचत होता असं नाही. विनोद त्यांच्यापाशी होताच, ड्रग्जनी माणसं नेली. खुनावर नाटक लिहिणारा आधी एक खून करून येत नाही. मित्राला एवढं सांग आणि दुसऱ्या विषयावर बोल.

आता त्या बाई.

त्या रागावल्या नव्हत्या आणि कौतुकही करत नव्हत्या, असं मला वाटतं. त्यांचं वाक्य पुन्हा वाच. तुझ्या चार मिनिटांतून त्यांनी एकच गोष्ट उचलली: पेला. मिटलेले डोळे नाही, चाल नाही, बोलणं नाही. हात थरथरत असताना माणूस पेला दोन्ही हातांनी का धरतो? सांडू नये म्हणून. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. ती त्या माणसाची अब्रू सांभाळायची धडपड असते. तू ती बरोब्बर टिपलीस, आणि मग सभागृहाला तिच्यावर हसवलंस. त्या बाईंनी घरी रोज बघितलेली धडपड तिथे शंभर लोक हसण्यावारी नेत होते. त्या तुला एवढंच सांगून गेल्या, की हा हात मी ओळखते.

मी तरुणपणी बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर काढली. एका नाटकात आमच्या एका मित्राला दारुड्याची भूमिका होती. तालमीत तो मनसोक्त झोकांड्या खायचा, आम्ही हसायचो, दिग्दर्शक मात्र गप्प. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक उठले आणि म्हणाले, "अरे, दारुडा कधी झोकांडी खातो का? तो सरळ चालत असतो. झोकांडी त्याला न विचारता जाते." मित्राने पुन्हा प्रवेश केला. या वेळी तो पाय मोजून टाकत होता, खुर्चीला वळसा घालताना तिची क्षमा मागत होता, कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेत होता. हशा दुप्पट झाला, पण त्याची जात वेगळी होती. आम्ही त्याच्या सोंगाला हसत होतो, म्हणजे 'मी शुद्धीवर आहे' या सोंगाला.

मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे. मुद्दलात हसण्यासारखं असतं ते सोंग. व्यसनी माणूस सोंग घेतो ते लाजेपोटी, म्हणून त्याला हसताना घशात काहीतरी अडकतं. पण तुझ्या विषयात आणखी एक जण आहे, जो गळ्यापर्यंत प्यायलेला असून पावलं मोजत, छाती काढून, सरळ चालल्याचा आव आणतो. तो म्हणजे कायदा. आणि त्याच्या मागे रांगेत चालणारा समाज. नक्कल करायची तर त्यांची कर. तिथे कुणाची आई अंधारात थांबणार नाही.

कशी, ते एका उदाहरणावरून दाखवते. अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला. विकण्यासाठी ठेवलेली कोकेनची पावडर ५०० ग्रॅम सापडली तर किमान पाच वर्षं कैद. कोकेनचेच खडे, ज्याला क्रॅक म्हणतात, ते ५ ग्रॅम सापडले तरी किमान पाच वर्षं. खडे कसे करतात? पावडर पाण्यात खाण्याच्या सोड्याबरोबर तापवून. पदार्थ तोच. शिक्षेच्या मोजमापात शंभरपट फरक. क्रॅकच्या खटल्यांत पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय, आणि पावडर ही पैसेवाल्यांची. २०१० साली, म्हणजे २४ वर्षांनी, हा फरक कमी केला आणि १८ पटींवर आणला. त्या कायद्याचं अधिकृत नाव 'न्याय्य शिक्षा कायदा'.

तू हे स्टेजवर कसं सांगशील मला माहीत आहे: "बघा हा अन्याय!" आणि पडशील. प्रेक्षकांना अन्याय कळतो, पण 'बघा' म्हटलं की ते विद्यार्थी होतात. त्यापेक्षा एक कारकून उभा कर. इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा, समोर तराजू. माणूस सज्जन आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही.

"पावडर? पाचशे ग्रॅम. पाच वर्षं. या. पुढचे? खडे. पाच ग्रॅम. पाच वर्षं. काय म्हणता, दोन्ही एकच? छे हो. यात खाण्याचा सोडा आहे."

इथे थांब. घाई करू नकोस. तो चष्मा पुसतोय.

"नाही, तक्रारी आल्या होत्या. आम्ही ऐकून घेतो. चोवीस वर्षं ऐकून घेतलं. अन्याय शंभरपट होता, तो आता अठरापट केलाय. आणि नावात 'न्याय्य' घातलंय, म्हणजे गोंधळ नको."

आकडे सगळे खरे आहेत, मी फक्त चष्मा घातला. या कारकुनाला आवाज चढवू देऊ नकोस. त्याला उपरोध माहीतच नाही. तो सरळ चालतोय.

अशा ठोकळेबाज गांभीर्याचा सर्वांत सुंदर नमुना एका कॉमेडियनचा नाही, हे आपल्या धंद्याचं दुर्दैव. डेव्हिड नट नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ आहेत. (आडनाव नट, पण माणूस प्रयोगशाळेतला. मराठीतच ही गंमत कळते.) ड्रग्जच्या कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. २००९ साली त्यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात 'इक्वसी' नावाच्या एका दुर्लक्षित व्यसनावर लेख लिहिला. या व्यसनात माणसं पडतात, हाडं मोडतात, मेंदूला इजा होते, काही मरतात. साधारण दर ३५० वेळांमागे एक गंभीर प्रसंग. एक्स्टसी नावाच्या नशेच्या गोळ्यांसाठी तोच आकडा त्यांनी १०,००० वेळांमागे एक असा धरला होता. इक्वसी म्हणजे घोडेस्वारी.

गृहमंत्री भडकल्या. त्यानंतरच्या संभाषणाची हकिकत नट यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे, आणि ते संभाषण गोल गोल फिरत होतं. बेकायदेशीर गोष्टीच्या धोक्याची तुलना कायदेशीर गोष्टीशी करता येत नाही. का नाही? कारण ती बेकायदेशीर आहे. बेकायदेशीर का आहे? कारण ती धोकादायक आहे. मग किती धोकादायक ते तुलना करून बघू या? नाही, बेकायदेशीर गोष्टीची तुलना करता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, गांजा आणि दारूच्या धोक्यांबद्दल बोलल्यावरून, नव्या गृहमंत्र्यांनी त्यांना पदावरून काढलं. दोन पात्रांचं हे प्रहसन आयतं लिहून मिळालंय. तुझ्या जागी मी असते तर पाठ करून टाकलं असतं.

नट यांनी काय केलं नाही तेही बघ. एक्स्टसी निर्धोक आहे असं ते म्हणाले नाहीत. घोडेस्वारी बंद करा असंही म्हणाले नाहीत. नशा केलेल्या माणसाची नक्कल तर नाहीच. त्यांनी फक्त सरकारी अहवालाची भाषा उचलली आणि ती घोड्यावर बसवली.

ब्रिटनमध्येच १९९७ साली चॅनेल फोरवरच्या 'ब्रास आय' या कार्यक्रमाने यापुढचं पाऊल टाकलं. त्यांनी 'केक' नावाचं एक ड्रग रचलं. अस्तित्वातच नाही असं. मग नामवंतांना कॅमेऱ्यासमोर आणून त्याचे भयंकर परिणाम सांगायला लावले, आणि ते त्यांनी हातात भलीमोठी पिवळी गोळी धरून, कपाळाला आठ्या घालून सांगितले. एका खासदारांनी तर या केकबद्दल थेट संसदेत प्रश्न विचारला. इथे नक्कल कुणाची होती? काळजीची. म्हणजे माहिती न घेता करायच्या काळजीची. लोकांना असं फसवून चित्रित करणं मला तितकंसं रुचत नाही, तू ते करूच नकोस. पण नेम कुठे धरला होता तेवढं शीक.

तुझ्या काकांबद्दल थोडं. त्यांना निवृत्त कर. हातात ग्लास घेऊन उपदेश करणारा काका पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सुचतो, आणि त्याला हसताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या काकाला हसत असतो. त्याच्या जागी ती रेष आण, जी काकांचा ग्लास अलीकडे आणि दुसऱ्या कुणाची पुडी पलीकडे ठेवते. ही रेष किती वेळा हललीय माहीत आहे? बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण डॉक्टरने चिठ्ठी दिली तर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळायची. (त्या काळात आजाऱ्यांचं प्रमाण काय असेल, कल्पना कर.) द्राक्षाच्या घट्ट केलेल्या रसाच्या विटा विकायला होत्या आणि त्यांच्याबरोबर सक्त सूचना यायची, की ही वीट पाण्यात विरघळवून इतके दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल. हीसुद्धा कारकुनाच्या तोंडी शोभणारी गोष्ट.

आणि माझी लाडकी. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २९ डिसेंबर १६७५ रोजी फर्मान काढून कॉफीची दुकानं बंद करायला सांगितली. कॉफीने तब्येत बिघडते म्हणून नव्हे. तिथे बसून लोक राजाबद्दल वाटेल ते बोलत होते म्हणून. लोक इतके खवळले की ८ जानेवारीला, दहा-अकरा दिवसांत, फर्मान मागे घ्यावं लागलं. आईने 'हा काय चेष्टेचा विषय आहे' असं पुन्हा विचारलं तर ही गोष्ट तिला सांग. बंदी पेयावर आहे असं दिसत होतं, होती बोलण्यावर.

पण आईचा प्रश्न मी उडवून लावत नाही. तिने तो एखाद्या सभागृहाकडे बघून विचारलेला नाही, घराकडे बघून विचारलाय. तुझ्या पत्रात 'घरातच' हा शब्द आला आणि लगेच पूर्णविराम देऊन तू पुढे पळालास. मी तिथे थांबले. तो पेला कुणाचा आहे हे तू लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही. पण तू हावभाव हवेतून काढलेले नाहीत, नाहीतर त्या बाईंना आपला मुलगा दिसला नसता. ज्याचा तो हात आहे, त्याला माहीत आहे का, की तो हात स्टेजवर जात होता?

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. अमेरिकन कॉमेडियन रिचर्ड प्रायर १९८० साली कोकेनच्या नशेत स्वतःच्या अंगाला आग लावून घेऊन मरणाच्या दारातून परत आला. पुढे तो स्टेजवर आला आणि त्याने ते सगळं करून दाखवलं. कोकेन ओढायचा पाइप त्याच्याशी गोड बोलतो, बाकी सगळ्यांपासून त्याला तोडतो, असा तो प्रवेश. त्यात प्रायर व्यसनी माणसाचं सोंग घेत नव्हता, तो पाइपचं सोंग घेत होता. व्यसनी तो स्वतःच होता. स्वतःचा हात स्वतः दाखवणं आणि दुसऱ्याचा हात उसना नेणं, यात एका परवानगीचं अंतर असतं. तेव्हा घरी जा, विचार. 'मी तुझी नक्कल करतो' असं सांगायला जीभ रेटली नाही, तर उत्तर तुला मिळालेलंच आहे. आणि त्याने सांगितलं, की कर, पण अमुक भाग चुकतोय, तर तुला सहलेखक मिळाला. मग ती चार मिनिटं तुझी राहणार नाहीत, तुम्हा दोघांची होतील, आणि त्यात लोक कुठे हसतील ते त्याला ठरवू दे.

आता चुका. पोर्तुगालमध्ये सगळं कायदेशीर नाही. २००१ पासून तिथे स्वतःपुरता, म्हणजे साधारण दहा दिवस पुरेल इतका साठा जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण मनाई आहेच. पकडलं तर पदार्थ जप्त होतो आणि माणसाला एका समितीसमोर जावं लागतं, ज्यात कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले लोक बसतात. विकणं तर आजही गुन्हा. विनोदात अतिशयोक्ती चालते, चूक चालत नाही, कारण या विषयात तुझ्याविरुद्ध असणारा माणूस पहिल्या रांगेत फोन घेऊन बसलेला असतो. शिवाय खरी गोष्टच जास्त गमतीची आहे: पुडीसह पकडलेला माणूस घामाघूम होऊन आत जातो, आणि समोर बसलेल्या बाई त्याला विचारतात, "झोप लागते का नीट?"

'काही होत नाही हो त्याने' या चालीवरची वाक्यंही काढून टाक. तुझ्या प्रेक्षकांत विशीची मुलं असतात. चोरट्या बाजारातल्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हेरॉइन समजून घेतलेल्या पुडीत त्याहून कितीतरी जहाल असं फेंटॅनिल निघतं आणि माणूस श्वास घ्यायचा थांबतो. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा वेळेत मिळाला तर तो परत येऊ शकतो. पण त्यासाठी बरोबरच्या कुणीतरी रुग्णवाहिका बोलवावी लागते, आणि बोलवायची तर पोलीस येतील ही भीती असते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांना मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारे वेगळे कायदे करावे लागले ते याचमुळे. यावर विनोद कर असं मी म्हणत नाही. पण हे माहीत असलं की तुझ्या कारकुनाचा स्वर आपोआप बदलेल. लाज आणि भीती यांनी माणूस एकटा पडतो, दार लावून घेतो, आणि नेमका तिथेच मरतो. तुझी पहिली चार मिनिटं त्या दाराला आणखी एक कडी घालत होती. म्हणून काढ म्हणाले; सभ्यपणासाठी नव्हे.

शेवटचं भाषणही काढ. ते खोटं आहे म्हणून नाही. एक तर ते अर्धंच आहे, कारण ड्रग्ज घेणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो, मग जो आजारी नाही त्याचं काय, हा प्रश्न राहतोच. आणि दुसरं, आठ मिनिटं हसवून दोन मिनिटं शिकवलं की लोकांना आधीच्या हसण्याचं बिल आल्यासारखं वाटतं. टाळ्या उपकाराच्या का येतात ते आता कळलं असेल.

कामाचं सांगते. या आठवड्यात घरी बोल, लिहिणं नंतर. मग कारकून, घोडा आणि कॉफी हे तीनच तुकडे घेऊन नवा सेट बांध. कॉफी आधी, कारण तिथे कुणाची भावना दुखत नाही आणि लोक गाफील राहतात. घोडा मधे. तराजू शेवटी, चार मिनिटांच्या वर नको. 'न्याय्य' या शब्दावर माइक स्टँडला लाव आणि खाली उतर. नवा सेट पहिल्यांदा करशील तेव्हा आईला बोलव. ती आली नाही तर रुसू नकोस, रेकॉर्डिंग दे.

तुझी,
ताई